वडील धाकट्याला जामीन राहिले

उमेळ्याच्या आमच्या वाडीच्या कुंपणावरून शेजाऱ्याशी मारामारी झाली. हात धाकट्या भावाने उचलला, मी सोडवायला गेलो. तक्रारीत नावं मात्र दोघांची आली. कोर्टाने प्रत्येकाला एक जामीनदार मागितला. वडिलांनी आपला सातबारा धाकट्यासाठी पुढे केला. मला जामीन राहिले ते जूचंद्रचे माझे सासरे. ते मला लागलं.

पाच तारखांना मी हजर होतो, सहावी चुकली. अठराऐवजी अठ्ठावीस लिहून ठेवली होती. त्या दिवशी मी शाळेत भूमिती शिकवत होतो, फोन पिशवीत बंद. संध्याकाळी वकिलांनी गाठलं. "मी दिलेला गैरहजेरी माफीचा अर्ज नामंजूर झाला. तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय. सासऱ्यांनाही नोटीस जाईल."

मी तडक भावाकडे गेलो. "मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तू शाळेतून परस्पर येशील. मला तर बाबांनीच उठवून नेलं."

म्हणजे वडील त्याला घेऊन माझ्या दारावरूनच गेले होते. खरं तर वॉरंटची भीती वाटायला हवी होती. पण चाळिशीतला मी लहान मुलासारखा जळत बसलो.

दुसऱ्या दिवशी वसई कोर्टात सासरे माझ्याआधी पोचले होते. मी माफी मागू लागलो तर म्हणाले, "आधी पानी प्या."

वकील म्हणाले, "आजारी होतो असं सांगा." पण सासऱ्यांसमोर खोटं बोलवेना. तारीख चुकीची लिहिली, एवढंच मी न्यायाधीश साहेबांना सांगितलं. त्यांनी सक्त ताकीद दिली आणि वॉरंट रद्द केलं.

परतताना वडिलांच्या घरी गेलो. ते ओट्यावर विड्याची पानं लावत होते. मी इतक्या महिन्यांनी विचारलं, "त्याला जामीन राहिलात, मला का नाही?"

"तो पळेल अशी भीती होती," ते म्हणाले. "तुझी कधीच नव्हती. तुझ्यासाठी कुणीही उभं राहिलं असतं."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. "तरी तुम्ही राहायला हवं होतं," मी म्हणालो. त्यांनी पुढचं पान उचललं.

पुढे समेट होऊन केस मिटली. धाकट्याचा हेवा मात्र अजून पुरता गेलेला नाही.