दोधूआबा आणि न पाहिलेली गढी

कळसाडीच्या दोधू पाटलांनी उभ्या आयुष्यात कुणाला वाट विचारली नव्हती. एकदा सुरतेत बसस्टँड शोधत ते तीन तास हिंडले, शेवटी ज्या लॉजमधून निघाले होते त्याच्याच दारात येऊन उभे राहिले, आणि घरी आल्यावर म्हणाले, "सुरत सगळी देखी लिधी." त्यांची बायको धनुबाई हा किस्सा आल्यागेल्याला सांगायची आणि आबा तंबाखू मळत दुसरीकडे बघायचे. माणूस मात्र कामाचा. चाळीस वर्षं उसाला पाणी दिलं. पाटाचं पाणी कुठल्या सरीत कुठवर पोचलं, हे ते बांधावर बसून नुसत्या आवाजावरून सांगत.

आणि गोष्ट सांगावी तर आबांनीच. त्यांची हुकमी गोष्ट म्हणजे सातपुड्यातली पडकी गढी. ऐन विशीत ते आणि त्यांचा दोस्त शांतीलाल तिथे गेले होते. हत्ती आत जाईल एवढा दरवाजा, आत सात मजली विहीर, आणि विहिरीच्या तळाशी पाणी पीत बसलेला बिबट्या. नात काजल याच गोष्टीवर घास घेत मोठी झाली. तिने जितक्यांदा ऐकली, तितक्यांदा बिबट्या वीतभर वाढला.

आता खरी भानगड सांगतो. आबा त्या गढीवर कधी गेलेच नव्हते. नव्या बुटांनी पायथ्याशीच टाचा सोलल्या आणि ते मोहाच्या झाडाखाली बसून राहिले. शांतीलाल एकटाच वर गेला. संध्याकाळी उतरून त्याने जे वर्णन केलं, ते आबांनी घरी पोचेपर्यंत आपल्या नावावर करून घेतलं. शांतीलाल वारून दहा वर्षं झाली, तेव्हा साक्षीदाराचीही भीती उरली नव्हती.

पण काजल लोणखेड्याच्या कॉलेजात गेली आणि घात झाला. वर्गातल्या वीस जणांना घेऊन येत्या रविवारी गढीची फेरी करायची असं तिने ठरवलं. पायथ्याच्या पाड्यावरून निघून एका धबधब्याजवळून वर चढायचं, गढी बघायची, दुसऱ्या धबधब्याच्या बाजूने उतरून त्याच पाड्यावर परत यायचं, आणि जागोजागी आबांची गोष्ट सांगायची.

"आबा, तुम्ही आधी माले सगळं दखाडा. दरवाजा, विहीर, सगळं," ती म्हणाली.

आबांनी गुडघे पुढे केले, उसाची खुरपणी पुढे केली, शेवटी हवामानही पुढे केलं. धनुबाईने भाकरी आणि ठेचा बांधून हातात दिला. विषय संपला.

भादव्यातली सकाळ होती. पहिला धबधबा सोपा निघाला, कारण वाट एकच होती. काजल फोटो काढत होती आणि आबा, जणू तो धबधबा त्यांनीच सोडलाय अशा थाटात उभे होते. पण वर पोचल्यावर वाटेला तीन फाटे फुटले. फोनला रेंज नव्हती. जवळच एक पावरा आदिवासी बाई गवत कापत होती.

"आबा, तिले इचारूत का?"

"माले इचारानी गरज नही," आबा म्हणाले, आणि त्यांनी हिशोब मांडला. पाणी शेवटी कुठे जातं? बांधाला. बांधाला लागून काय असतं? गाडीरस्ता. कळसाडीत हा हिशोब कधी चुकला नव्हता. आबा जवळच्या ओढ्याच्या कडेने निघाले आणि बिचारी काजल विश्वासाने मागोमाग.

तासभर काटेरी झुडपांतून अंग ओरबाडून घेतल्यावर ओढा संपला. बांध नव्हता. गाडीरस्ता नव्हता. पुढे जमीनच नव्हती. ते दुसऱ्या धबधब्याच्या माथ्यावर उभे होते आणि पाणी त्यांच्या पायाजवळून खाली कोसळत होतं. आबा मटकन खाली बसले आणि त्यांनी काजलच्या बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

मागून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. ती गवत कापणारी बाई, गजराबाई, भारा तिथेच टाकून त्यांच्या मागे आली होती. कड्याकडे चाललेली माणसं बघून तिला राहवलं नव्हतं.

आबा पट्टा धरूनच तिच्याकडे वळले. "बहीन, गढी कोठे शे?" त्यांनी विचारलं. "माले माहीत नही."

काजलने मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

गजराबाईने आपल्या पावरी बोलीत काहीतरी सांगितलं, हाताने मागची टेकडी दाखवली आणि पुढे झाली. अर्ध्या तासात गढी आली. दरवाजाचा एकच खांब उभा होता. खांद्याएवढी भिंत, सीताफळाची झुडपं, आणि सावलीत बसलेल्या शेळ्या.

"विहीर कोठे शे?" काजलने विचारलं.

"ती... बुजाई गई व्हई."

काजलने गजराबाईला खुणांनी विहीर विचारली. गजराबाई लहानपणापासून इथे शेळ्या चारत होती. तिने नकाराची मान हलवली, ओढ्याकडे बोट दाखवलं आणि ओंजळीने पाणी प्यायची खूण केली. इथे विहीर कधी नव्हतीच.

म्हणजे शांतीलालही वर आला नव्हता! पठ्ठ्या अर्ध्या वाटेवर बसून राहिला, आणि आबांनी पंचेचाळीस वर्षं त्याच्या थापा प्रामाणिकपणे सांभाळल्या. आबांना हसू फुटलं. काजलचा चेहरा बघून ते विरलं.

"काजल, मी आठे कधी उनाच नही," ते म्हणाले, आणि बुटांपासून सगळं सांगून टाकलं.

"नववीमा मी यान्हावर निबंध लिखा, आबा. पहिला नंबर उना मन्हा." ती म्हणाली. "रविवारे वीस जन येतीन. त्यासले मी काय सांगू?"

ती भिंतीवर जाऊन बसली, पाठ करून. आबांना फार वाईट वाटलं. पाय दुखत होते त्याहून कितीतरी जास्त. समजूत काढायची कला त्यांना नव्हती. त्यांना येत होतं एकच. त्यांनी घसा खाकरला.

"तर आयका," ते गजराबाईकडे आणि शेळ्यांकडे बघत म्हणाले. "एक गढी शे. दरवाजा अर्धाच शे. विहीर नही. बिबट्या नही. शेळ्या नऊ शेतस. आठे एक म्हतारा उना. वाट चुकना, मरता मरता वाचना, एक बाईनी वाट दखाडी. त्यानी नात पाठ करी बठेल शे. त्यानी तिले लहानपनपाईन खोटं सांगं. तिनी काही चूक नही, सगळी म्हतारानी चूक शे."

गजराबाईला शब्द कळले नसावेत, पण तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"शेळ्या दहा शेतस, आबा," काजल मागे न बघता म्हणाली.

आबांनी एकेकीकडे बोट करत पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "हा माय, दहाच शेतस. मन्हं चुकनं."