आठव्या गाण्यातला शीनू

शीनू गाणं सुरू करताना तेलुगूत मोजायचा. 'ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू', आणि मग ड्रमवर काठ्या अशा आदळायच्या की पहिल्यांदा ऐकणारा दचकून मागे सरकायचा. आमचा बँड हेवी मेटलचा, गाणी मराठी. बाकी आम्ही तिघं घरात निम्मं कन्नड बोलणारे. मी एकदा म्हणालो, "अरे, मराठीत मोज की." तर म्हणाला, "मराठीत भांडतो की तुझ्याशी. ताल घरच्या भाषेतच येतो बघ."

अंगानं काडी. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर उभा. लहानपणापासून दमा, म्हणून शर्टाच्या खिशात सदा पंप. मी बास गिटार वाजवायचो आणि माझा ताल कच्चा, त्यामुळे स्टेजवर सारखी मान वळवून त्याच्याकडे बघायचो. त्याला ते अजिबात खपायचं नाही. "मागं काय बघतोस? लोकांकडं बघ. मी हाय की मागं." हे तो इतक्यांदा म्हणाला असेल, की पुढं पुढं मला ते ड्रममधूनच ऐकू यायला लागलं.

पहिला अल्बम करायचं ठरलं तेव्हा होटगी रस्त्यावरचा हिरेमठ काकांचा स्टुडिओ घेतला. काकांनी जन्मभर भजनं रेकॉर्ड केलेली; आमचं पहिलं गाणं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, पण पोरं आपलीच म्हणून हो म्हणाले. आधी एकट्या ड्रमचं रेकॉर्डिंग होतं, त्यावर बाकीची वाद्यं चढवतात. तालासाठी कानात टिकटिक लावतात, ती शीनूनं काढायला लावली. "घड्याळानं वाजवायचं हाय का माणसानं?" सगळी गाणी त्याच्या डोक्यात होती.

मे महिना. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखा बंद, खिडक्यांना गाद्या लावलेल्या. सात गाणी छान झाली. आठव्याला मी अडून बसलो. पहिल्यांदा घाई झाली, दुसऱ्यांदा काठी निसटली, तिसऱ्यांदा खरं तर काहीच चुकलं नव्हतं. मला आपलं वाटलं, अजून जोर पाहिजे. चौथ्यांदा वाजवताना तो मध्येच थांबला. काही क्षण नुसती शांतता, मग पुन्हा सुरू. काचेच्या बाहेरून मी ओरडलो, "परत घेऊ!" त्यानं हात वर केला. "ऱ्हाऊ दे. हेच बरं हाय." मी त्याला आळशी म्हणालो. तो हसला आणि बाहेर जाऊन पंप ओढून आला.

त्यानंतर नवव्या दिवशी कारखान्यात त्याला दम्याचा झटका आला. रिक्षातच गेला.

दीड महिन्यानं आम्ही स्टुडिओत परतलो. हेडफोन लावला आणि कानात शीनू म्हणाला, 'ओकटी, रेंडू...' सवयीनं मान वळली. मागे भिंत होती आणि घडी घातलेल्या गाद्या.

सात गाणी कशीबशी पार पडली. आठव्यात तो थांबला होता ती जागा आली आणि मी अडकलो. कधी लवकर शिरायचो, कधी उशिरा. विचित्र म्हणजे ती जागा दर वेळी वेगळी वाटायची. सकाळी पटकन संपायची, दुपारी संपता संपायची नाही. काकांनी पडद्यावर पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. "तेवढीच हाय रे. केसभर बी हलली न्हाय." असं म्हणाले खरे, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी मशीनपाशी उदबत्ती लावली.

गाणं गाळायचं ठरत होतं, तेवढ्यात शीनूचे वडील त्याचा तिथं राहिलेला छोटा ड्रम न्यायला आले. शीनू त्यांना नान्ना म्हणायचा, म्हणून आम्हीही. माग चालवून चालवून नान्नांचे कान मंद झालेले. "ऐकवा की जरा," म्हणाले. काकांनी आवाज पूर्ण वाढवला. नान्ना डोळे मिटून बसले. ती जागा आली, त्यांनी बोट वर केलं. बोट खाली आलं आणि त्याच क्षणी ड्रम वाजला.

"परत लावा." पुन्हा तसंच. चार वेळा लावलं, चारही वेळा अचूक.

"नान्ना, कसं कळतंय तुम्हाला?"

"श्वास घेतोय की तो. ऐकू येत न्हाय का तुमाला? हा आत ओढला... अडकला... आता सुटला. सुटला की मारतो. लहानपणापासनं उशाला बसून हेच ऐकलं की."

काकांनी तेवढाच तुकडा मोठा करून लावला. मग आम्हालाही ऐकू आलं. बारीक शिट्टीसारखा आवाज, मध्येच अडलेला, मग मोकळा. दीड महिन्यापूर्वी गेलेला माणूस माझ्या कानात धापा टाकत होता.

नान्ना दुसरा हेडफोन लावून माझ्या पाठीशी उभे राहिले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती जागा आली, हात दाबला गेला, मी तार छेडली. एकाच झटक्यात बरोबर आलं. अल्बमवर आहे ते हेच.

हेडफोन काढून नान्नांनी विचारलं, "दमलाय तो. कितव्यांदा वाजवत होता हे?"

खोटं बोलता आलं असतं. "चौथ्यांदा."

"पंखा?"

"बंद होता. मीच सारखं परत वाजवायला लावलं, नान्ना."

नान्नांनी ड्रम काखेत मारला आणि दारात चपला घालता घालता म्हणाले, "त्या दिवशी घरी आला तवा छाती लई वाजत होती. मी विचारलं. तर म्हणला, नान्ना, एकदाच वाजवलं. पंखा चालू होता. दोस्तांनी लई सांभाळून घेतलं."