विजयदिनाची जिलबी

आज शेजारच्या सुमनवहिनींकडून कुकरची शिट्टी ऐकू आली नाही, तेव्हा आठवलं, आज सेनापतींचा विजयदिन. सरकारी सुट्टी. चौकातल्या पुतळ्यापुढे ताशे वाजत होते आणि मी दरवर्षीसारखा जिलबीच्या रांगेत उभा होतो.

जुन्या काळी एका स्वारीत आमचं गाव वाचवणारे ते आमचे तारणहार. पण वहिनींचं माहेर नदीपलीकडचं, त्याच स्वारीत सेनापतींच्या फौजेने जाळलेलं. तिथे आजही या दिवशी चूल पेटवत नाहीत. वहिनी इथे सासरीसुद्धा कालच्या भाकरीवर दिवस काढतात.

शेजारी आलो त्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. जिलबीचं ताट घेऊन मी थेट त्यांच्या दारात गेलो.

"भावजी, आज आमच्याकडे गोड खात नाहीत," त्या म्हणाल्या. मी ओशाळून ताट मागे घेऊ लागलो, तर त्यांनी ते हातातून घेतलं. "राहू दे. उद्या खाऊ."

ही सुट्टी असावी की नसावी, यावर मी कट्ट्यावर तावातावाने भांडतो. सेनापतींविरुद्ध कुणी बोललेलं मला अजूनही खपत नाही. पण त्यांचा जयजयकार करून घरी आलो की पलीकडची शांतता कानात भरते, आणि ती आता मला परकी वाटत नाही.

आजही ताट देऊन आलोय. उद्या सकाळी ते परत येईल. रिकामं भांडं वहिनी कधी पाठवत नाहीत. त्यात गरम थालीपीठ असेल, आणि त्या दरवर्षीसारखं म्हणतील, "चूल आत्ताच पेटवली. पहिलं तुम्हाला."