पान सत्तावीसवरचे जेलीफिश

माझी मावशी धक्क्यावरच्या माहितीच्या खिडकीत बसते, म्हणून बेटावर तिला सगळे खिडकीमावशी म्हणतात. तिच्याहून वयाने मोठे असलेले लाँचचे सारंगसुद्धा तसंच म्हणतात. लाँचमधून उतरलेला प्रत्येक पाहुणा आधी तिच्यासमोर येतो आणि तेच पाच प्रश्न विचारतो. शेवटची लाँच किती वाजता? पैसे काढायचं मशीन कुठे? नळाचं पाणी प्यायलं तर चालेल का? छत्री घेऊ का टोपी? आणि पाचवा, इथे पोहायला चांगलं कुठे? पहिल्या चारांना ती खरी उत्तरं देते.

खरी म्हणजे तिच्या पद्धतीने. "शेवटची लाँच सव्वासहाला. सव्वासहा म्हणजे सहा दहा. सहा वीसला आलात तर टाटा करायला आलात असं समजू." ऐन मे महिन्यात येऊन 'बाप रे, किती उकाडा' म्हणणाऱ्याला ती शांतपणे सांगते, "तुमच्यासाठी मुद्दाम ठेवलाय." तरी लोक तिच्यावर चिडत नाहीत. नकाशावर ती पेन्सिलीने सावलीच्या बाजूचा रस्ता काढून देते, आणि हे काम तिच्याआधी कोणी केलं नव्हतं.

बेटाची माहितीपुस्तिकाही तीच लिहिते. पर्यटन खात्याचे साहेब बदलतात, पुस्तिका बदलत नाही. तिच्या सत्तावीसाव्या पानावर एकोणीस वर्षं एक चौकट छापली जात होती: 'उत्तरेची पुळण. वर्षभर विषारी जेलीफिश. पाण्यात पाय घालू नये.'

आता खरं सांगते. उत्तरेच्या पुळणीवर जेलीफिश नाहीत, कधी नव्हते. बेटावरचं सगळ्यात निवांत पाणी तिथे आहे. छातीभर खोल, कोमट, लाट म्हणावी तर लाजेल अशी. तिथे दुपारी दोन ते चार बेटावरच्या बायका पोहतात. लॉन्ड्रीवाल्या तिघी, पोस्टातली वहिनी, आम्ही. जुने गाऊन घालून, मोठमोठ्याने गप्पा मारत, ज्याचा-त्याचा उद्धार करत. एकोणीस वर्षांपूर्वी सहलीला आलेले चौघे खडकामागून आमचे फोटो काढताना सापडले. महिनाभर कोणी पाण्याकडे फिरकलं नाही. मग मावशीने पुस्तिकेत जेलीफिश सोडले. प्रश्न मिटला.

ती स्वतः रोज एकची लाँच गेली की खिडकी लावायची, छत्री घेऊन पुळणीवरच्या उंच खडकावर बसायची आणि राखण करायची. जेलीफिश बघायलाही हौशी लोक येतात, म्हणायची. पाचच्या लाँचला परत खिडकीत.

माझी आई तिची थोरली बहीण. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. घरात ती वॉकर घेऊन चालते, आणि स्वयंपाकघरातून दारापर्यंत येईतो दार वाजवणारा निघून जातो. पण पाण्यात तिला काही दुखत नाही. लॉन्ड्रीवाल्या तिला चादरींच्या हातगाडीवर बसवून पुळणीवर नेतात, आणि पाण्यात शिरली की ती कोणाला आवरत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे पाणी सोडू नका, सोडलंत तर चाकाची खुर्ची धराल. आईचे पाय त्या दोन तासांवर चालले होते.

मग नवे साहेब आले. तरुण, नीटस, आणि पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे पहिलेच. सत्तावीसाव्या पानावर ते थबकले. "एवढा धोका, आणि आपण नुसती चौकट छापतो?" पंधरा दिवसांत पुळणीच्या वाटेवर लोखंडी फाटक बसलं. दोन्हीकडे काटेरी तार. वर फलक, त्यावर मावशीचीच वाक्यं, लाल अक्षरांत. किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे गोटा पडला तो माझ्या आईच्या गुडघ्यांवर. तिसऱ्या आठवड्यात तिला पलंगावरून उठवायला मी आणि पोस्टातली वहिनी अशा दोघी लागू लागलो. मावशी रोज यायची, पलंगाच्या कडेला बसायची आणि स्वतःलाच शिव्या घालायची.

शेवटी ती साहेबांकडे गेली. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून का धीराला, ते कळलं नाही. निवृत्तीला तिची दोन वर्षं राहिली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मी वाटेत तीनदा सांगून पाहिलं.

"साहेब, तिथे जेलीफिश नाहीत. ते मी मनानं लिहिलं."

साहेब हसले. "मावशी, एकोणीस वर्षं छापलंय."

"एकोणीस वर्षं खोटं छापलंय."

त्यांनी कपाटातून तक्रारवही काढली. त्या पुळणीवर जेलीफिश चावल्याच्या सात तक्रारी होत्या. एकाचा पाय सुजला होता. एकीला दोन दिवस ताप होता. एका गृहस्थांनी तर जेलीफिशचं चित्रच काढलं होतं, डोळ्यांसकट.

"अहो, हे ऊन लागलेले लोक!" मावशी ओरडली. "उघड्या पाठीने दिवसभर वाळूत पडायचं, आणि रात्री आग झाली की पुस्तिका उघडून बघायचं काय चावलं ते!"

"सात जण खोटं बोलतात आणि तुम्ही एकट्या खरं?"

आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगायला गेली, तर तिच्याच पुस्तिकेने तिला खोटं ठरवलं.

"मग मी उतरून दाखवते," ती म्हणाली. "उद्या दुपारी. तुमच्यासमोर. एक तास उभी राहते पाण्यात."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. कारण मावशीला पोहता येत नाही. नुसतं येत नाही असं नाही, घोट्याच्या वर पाणी आलं की तिला कापरं भरतं. बेटावर जन्मलेली, चारी बाजूंनी समुद्र, आणि ही बाई अंघोळीलासुद्धा बादली अर्धीच भरते. आम्हा घरच्यांना ते माहीत होतं. बाकीच्यांना वाटायचं, बिचारी आपल्यासाठी खडकावर उन्हात बसते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फाटक उघडलं. बरोबर औषधाची बाटली आणि पुस्तिका आणली होती. लॉन्ड्रीवाल्यांनी आईला हातगाडीवरून आणलं. आई म्हणाली, "ती एकटी जाणार नाही," आणि साहेब नको-नको म्हणेपर्यंत पाण्यात शिरलीसुद्धा.

मावशी काठावर उभी. गाऊनचा घोळ दोन्ही मुठींत घट्ट धरलेला. पाणी घोट्याला लागलं तशी तिने डोळे मिटून घेतले. आईने परत काठाकडे येऊन तिचा हात धरला. गुडघा, कंबर, छाती. वॉकरवाली बाई धडधाकट बहिणीला ओढत नेत होती. मावशीचे ओठ पांढरे पडले होते, पण ती मागे फिरली नाही.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. कोणाला काही चावलं नाही. साहेबांनी बाटली खिशात ठेवली.

"पटलं," ते काठावरून म्हणाले. "फाटक उद्या काढतो. मेमो परवा देतो. तो द्यावाच लागेल, मावशी."

"द्या," मावशी दातांवर दात आपटत म्हणाली.

"आणि पानाचं काय? आता खरं काय ते सांगा, मी लिहून घेतो."

मग मावशी छातीभर पाण्यात, आईला बिलगून, एकेक सांगायला लागली. "लिहा. धक्क्यापासून पाऊण तास चालत. बस जात नाही. वाटेत सावली नाही. प्यायचं पाणी नाही. चहाची टपरी नाही. कपडे बदलायला आडोसा नाही. मोबाईलला रेंज नाही."

साहेब लिहायचे थांबले. "अहो, हे वाचून तिथे जाईल कोण?"

पुळणीवर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग आधी लॉन्ड्रीवाल्यांतली थोरली हसत सुटली, मग पोस्टातली वहिनी, मग मी. एकोणीस वर्षं जेलीफिश पोसायची गरजच नव्हती. रेंज नाही एवढं लिहिलं असतं तरी काम झालं असतं!

"हे मला तेव्हा का नाही सुचलं गं?" मावशी आईला म्हणाली.

आई हसत नव्हती. "सुचलं नसेल, होय? कोणी येणारच नसतं, तर तू राखण कसली केली असतीस? खडकावर बसायला कारण काय दिलं असतंस सगळ्यांना?"

मावशीने मान खाली घातली. पाणी तिच्या हनुवटीला लागलं, तरी ती हलली नाही.

"एकोणीस वर्षं मी खालून हाका मारत होते तुला," आई म्हणाली.

साहेब पुस्तिकेत तोंड खुपसून उभे होते. मावशीचा तास भरायला अजून वीस मिनिटं होती, आणि फाटक तर काढायचं ठरलंच होतं. आता तिने पाण्यात थांबायलाच हवं असं नव्हतं.

"पाय उचलू का?" तिने हळूच विचारलं.

"उचल," आईने तिच्या पाठीखाली हात घातला. "मी धरलंय."