बहिऱ्या बैलाचं आवतण

माणसाच्या कानात आतवर, आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कोंबडीत मात्र येतात. मूळपेशींपासून या पेशी तयार करण्यात हैदराबादच्या प्रयोगशाळेत माझी वीस वर्षं गेली. म्हणजे कोंबडीला जे न शिकता जमतं, ते माणसाला जमावं म्हणून मला पगार मिळतो. हे मी एकदा घरी सांगून बसलो. तेव्हापासून बाबा अंगणातल्या कोंबड्यांकडे जरा हेव्यानेच बघतात.

बाबांचे कान कापसाच्या जिनिंगमधल्या मशिनींनी खाल्ले. शेत सांभाळून ते हंगामभर बेला गावच्या जिनिंगात कामाला जायचे. मी या विषयात पडलो तो त्यांच्यामुळे, पण हे त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना काहीही सांगायचं तर ओरडावं लागतं, आणि असलं काही ओरडून सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्यासाठी कानाचं मशीन आणलं. त्यांनी ते पेटीत ठेवून कुलूप लावलं. पोराचं औषध येऊन राहिलंय, मग मशीन कशाला, असं ते चहाच्या हॉटेलात सगळ्यांना सांगत. ते ऐकून गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांनी मशीन घ्यायचं रद्द केलं. माझ्या संशोधनाचा आजवर दिसलेला परिणाम एवढाच, की तीन माणसं बहिरी राहिली.

औषध बाबांच्या हयातीत येणार नाही, हे मला ठाऊक होतं. सांगायची हिंमत नव्हती. पण यंदा मागून आलेल्या ट्रॅक्टरचा हॉर्न त्यांना ऐकूच गेला नाही, थोडक्यात वाचले. आई फोनवर रडली. बाबांच्या कानात मशीन बसल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवून मी पोळ्याला घरी गेलो. नवे सेल खिशातच होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात आणि त्यांना रीतसर जेवणाचं आवतण देतात. बाबांनी मला गोठ्यात बोलावलं. म्हातारा बैल हाकेला मान वळवत नव्हता. बाबांचं निदान तयार होतं: बैल बहिरा झाला. त्याला आवतण ऐकू गेलं नाही तर उद्या तो पुरणपोळीला तोंड कसं लावेल? बिनबोलावता जेवायला तो काय भिकारी आहे? तेव्हा मी ताबडतोब इलाज करावा. तोवर शेजारीपाजारी जमले होते. मी मोबाईलच्या उजेडात बैलाच्या कानात डोकावलो आणि दोन गोचीड काढले. वीस वर्षांत माझ्या कुठल्याच कामाकडे लोकांनी इतक्या कौतुकाने बघितलं नव्हतं. आईचं म्हणणं वेगळंच होतं. बैल धडधाकट आहे, बाबा दरवर्षी त्याच्या कानात किंचाळतात, त्याला तो कंटाळलाय.

"माहं राहू दे," बाबा मला म्हणाले, "औषध पह्यले याले दे. याचं वय झालं."

मला हसू आलं, पण आता खोटं पुढे रेटवेना. दोन वर्षं जे एकांतात सांगायचं होतं, ते मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो.

"बाबा, औषध नाई. याच्यासाठी नाई, तुमच्यासाठीबी नाई. तुमच्या हयातीत नाई होत."

अख्ख्या गल्लीने ऐकलं. लोक पायांकडे बघू लागले. बाबा बैलाच्या खांद्यावर हळद चोळत राहिले.

"मालूम हाये मले," ते म्हणाले. "पन म्या मशीन लावलं तं लोक म्हनतीन, याच्या पोराले काई जमलं नाई."

मला माझीच लाज वाटली. मी नुसता हात पुढे केला. त्यांनी करदोड्याला बांधलेली पेटीची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. आईने मशीन आणलं. मी सेल घातले, ते त्यांच्या कानात बसवलं आणि नेहमीच्या सवयीने मोठ्यांदा विचारलं, ऐकू येतं का?

बाबा दचकले.

"हळू बोल," ते म्हणाले, "बैल बिचकते."

मग ते बैलाच्या कानाशी वाकले आणि किती वर्षांनी कोण जाणे, हलक्या आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

म्हाताऱ्या बैलाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.