गोळ्या की मशीनचा पट्टा

मित्रांनो, डोंबिवलीच्या सायबर कॅफेतून लिहितोय.

ताई बाळंतपणाला आमच्याकडे ठाकुर्लीला आलेली, आता बाळ झालंय. भावजींनी निरोप धाडलाय, पोट उतरल्याशिवाय न्यायला येणार नाही.

म्हणून आज तिला घेऊन ठाण्याच्या स्लिमिंग सेंटरला गेलेलो. वाटेत टेंभी नाक्यावर हंडीचा सराव चाललेला, मी बघत राहिलो, ताईने ओढून नेलं.

सेंटरवाल्या बाई म्हणाल्या, "सिझेरियन झालंय ना? मग पोट कमी करायचा मशीनचा पट्टा आत्ता लावता येणार नाही."

तिथल्याच डॉक्टरांना शेजारच्या काकूंनी दिलेल्या बारीक व्हायच्या गोळ्या दाखवल्या. ते म्हणाले, "बाळ अंगावर पितंय तोवर या अजिबात नाहीत."

घरी आईने डिंकाचा लाडू पुढे केला, दूध यावं म्हणून. ताईने बशी सरकवली.

"उद्यापासून बाळाला वरचं दूध दे. मी गोळ्या घेते."

"अगं, आणि तरी न्यायला नाही आले तर?" आईने विचारलं.

"तर निदान बारीक झालेली असेन."

मी म्हटलं, भावजींशी बोलतो. ताई म्हणाली, "तू आठवडाभर एका जागी असतोस का रे, की हे बोलणं शेवटाला नेशील?"

मी निघालो तेव्हा आई दुधाची नवी बाटली उकळत होती. तुम्ही थांबवलं असतं का? मला नाही जमलं.