न्हाणीघरातील बुरशी आणि चार पिंपे

मित्रहो, आमची इमारत जुनी आहे. माझ्या न्हाणीघराच्या भिंतीवरील काळी बुरशी मी तीनदा घासून काढली, तरी ती परत आली. म्हणून आज सकाळी रंगारी रफिकभाईंना बोलावले.

त्यांची नजर भिंतीला खेटून ठेवलेल्या पाण्याच्या चार पिंपांवर गेली.

"सर, घरात मानसं किती?"

"मी एकटाच."

"मग एवढं पाणी कुनाला? हॉटेल काढताय की काय? पिंपामागं वारा न्हाय, भिंत वाळनार कवा? दोन पिंपं हलवा की. रंगाचं मागनं बघू."

आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, हे आपण जाणताच. पत्नीला जाऊन आठ महिने झाले. तरीही प्रत्येक वेळी मी दोघांपुरते पाणी भरत होतो आणि उरलेले शिळे म्हणून ओतून देत होतो. हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

त्यांनी एक पिंप रिकामे करून बाहेर नेले. दुसऱ्याला हात घातला, तेव्हा मी म्हणालो, "ते राहू द्या."

त्यांनी हात मागे घेतला. "बरं सर. वीतभर फुडं तरी वढतो."

आपल्यापैकी जे एकटे राहतात, त्यांना विचारावेसे वाटते: एकट्यापुरते पाणी भरणे आपणांस केव्हा जमले?